हिरव्या दगडातले अस्वल : एका खरेदीविषयी

कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेकडील मूळ रहिवासी असलेल्या इनुइट समाजातल्या शिल्पकाराने कोरलेले, तळहातावर मावणारे हिरवट सर्पेंटाइन दगडाचे अस्वल मी ऑनलाइन मागवले. ते सोलापुरात पोहोचायला पाच आठवडे लागले, आणि वेष्टन इतके तकलादू होते की एका कानाचा टवका उडालेला निघाला; विक्रेत्याने भरपाई दिली, पण तीन वेळा लिहिल्यानंतर. शिल्पाबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. पाठ घासून पाण्यासारखी नितळ केली आहे, पोटाखाली कानशीचे ओरखडे तसेच राहू दिले आहेत, आणि तळाशी इनुइटांच्या लिपीत कलाकाराची सही कोरलेली आहे. सोबत इग्लूचे चित्र असलेली चिठ्ठी होती. नकली मालापासून कारागिरांना संरक्षण मिळावे म्हणून कॅनडा सरकारने ती १९५८ मध्ये सुरू केली आणि २०१७ मध्ये तिचा कारभार इनुइट आर्ट फाउंडेशनकडे सोपवला. सोलापुरी चादरीच्या नावावर काय काय खपवले जाते हे रोज पाहणाऱ्या आम्हांला अशा चिठ्ठीचे मोल वेगळे सांगायला नको. उत्तर कॅनडातल्या किंगाइत गावचे इनुइट शिल्पकार ओसुइटोक इपीली बारीक पायांवर तोललेल्या कॅरिबूंच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरांच्या, शिल्पांसाठी नावाजले गेले. त्यांच्या कामापुढे हे अस्वल साधेच आहे, तरी मान वळवून मागे पाहण्याची त्याची ढब किमतीच्या मानाने उत्तम उतरली आहे.