जीपीए कमी होता, म्हणून मी ‘काकां’ना पासवर्ड दिला

सप्टेंबर २०२२ मध्ये माझ्या कम्युनिटी कॉलेजचं (इथे दोन वर्षं शिकून मग ट्रान्सफर घेऊन विद्यापीठात जाता येतं) ईमेल आलं: जीपीए २.० च्या खाली गेल्यामुळे तुम्हाला प्रोबेशनवर, म्हणजे ताकिदीवर, ठेवण्यात येत आहे. माझा जीपीए, म्हणजे ग्रेडची ४ पैकी सरासरी, होता १.९६. हा आकडा मी नाशिकला आईबाबांना सांगितला नाही. इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जिच्या घरी राहत होते त्या मावशीलाही नाही. घर तारण ठेवून बाबांनी कर्ज काढलं होतं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

त्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका गृहस्थांची ओळख झाली. पन्नाशीचे, बोलणं अगदी आपल्याकडचं. “कुठल्या तुम्ही? नाशिकच्या? अरे वा!” मग, “कॉलेज कसं चाललंय?” मी गप्प झाले आणि त्यांना सगळं कळलं. “काळजी करू नकोस बेटा, तू मला मुलीसारखी. अशा किती मुलांना मी यूसीमध्ये घातलंय.” यूसी म्हणजे राज्याची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. मी त्यांना काका म्हणू लागले. हे लिहितानाही दुसरा शब्द सुचत नाही, इतकी ती सवय झाली होती.

त्यांनी मला काय विकलं ते नीट सांगते, कारण यातली प्रत्येक गोष्ट आजही कुणाला तरी विकली जात असणार.

पहिलं म्हणजे ‘गॅरंटीड ॲडमिशन’. यूसीची टॅग नावाची योजना खरी आहे. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकासाठी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी १ ते ३० सप्टेंबर या काळात अर्ज करतो आणि अटी पूर्ण केल्या तर जागा पक्की होते. त्याला एक डॉलरही लागत नाही. पण अर्ज करण्याआधी ३० युनिट (म्हणजे विषयांची क्रेडिट) पूर्ण झालेली असावी लागतात, आणि जीपीएची अटही माझ्या आकड्याच्या खूप वर असते. मी तोवर २७ युनिटचे विषय घेतले होते, त्यातल्या ५ युनिटच्या केमिस्ट्रीत एफ, म्हणजे नापास. काका म्हणाले, “तुझा टॅग भरला, स्पेशल कॅटेगरीत.” अशी कॅटेगरीच नाही. हे मला यूसीच्या साइटवर दहा मिनिटांत वाचता आलं असतं. मी वाचलं नाही, कारण वाचायचं म्हणजे स्वतःच्या आकड्याकडे पाहायचं. या कामाचे १५०० डॉलर मी माझ्या फीच्या पैशांतून झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सेवा) दिले.

दुसरं, ‘ग्रेड साफ करणं’. कॉलेजमध्ये त्यांची ओळख आहे, डी आणि एफ ते काढून घेतील, असं सांगितलं. आता मला माहीत आहे की डी किंवा एफ मिळालेला विषय त्याच कॉलेजात पुन्हा घेता येतो आणि मग जुना ग्रेड जीपीएच्या हिशेबातून बाहेर जातो. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, तो दिसत राहतो, पण मोजला जात नाही. हा नियम आहे, ओळखीपाळखीचा मामला नाही. पण विषय पुन्हा अभ्यासावा लागतो, तो कुणी आपल्या वतीने अभ्यासू शकत नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. अमेरिकेला येण्याआधी मी पुण्यात इंजिनिअरिंगला चार महिने होते. परीक्षेआधीच सोडलं. काका म्हणाले, “ते दाखवायचंच नाही. इथे कुणाला कळतंय?” आणि माझा यूसीचा अर्ज त्यांनी स्वतः उघडलेल्या ईमेलवरून भरला. लॉगिन त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे. मी मागितला की म्हणायचे, “तू अभ्यासाकडे लक्ष दे.” नोव्हेंबरात ‘सीट रिझर्व्हेशन’ म्हणून बाबांकडून पुण्यातल्या एका खात्यावर १,२०,००० रुपये भरून घेतले. बाबांना वाटलं ही विद्यापीठाची फी. प्रवेशाचा निर्णय येण्याआधी कुठलंही विद्यापीठ जागेचे पैसे घेत नाही. प्रवेश मिळाल्यावर मुलानेच पोर्टलवर होकार द्यायचा असतो आणि अनामत थेट विद्यापीठाला भरायची असते. मधे कुणाचंही खातं येत नाही.

जानेवारीत यूसीला शेवटच्या सेमिस्टरचे ग्रेड कळवावे लागतात, एवढं वर्गातल्या एका मैत्रिणीकडून समजलं. मी पासवर्डसाठी हटून बसले. तीन दिवस फोन केले, शेवटी म्हटलं की मावशीचे मिस्टर बोलायला येतात, तेव्हा मेसेज आला. रात्री साडेअकराला मी माझा अर्ज पहिल्यांदा पाहिला.

कॅलक्युलसमध्ये मला डी होता, तिथे बी लिहिलेला. केमिस्ट्रीचा एफ गायबच. पुण्याचं कॉलेज नाही. पुढच्या सेमिस्टरला मी घेतलेलेच नाहीत असे विषय भरले होते, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी ६० युनिट पूर्ण होताना दिसावीत. खाली सही माझी, की वरची सगळी माहिती खरी आहे. यूसीच्या अर्जात ग्रेड आपणच भरायचे असतात, पण प्रवेश मिळाला की कॉलेजचा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट जातो आणि दोन्ही ताडून पाहतात. खोटं निघालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, शिकत असलो तरी. मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. कॉलेज गेलं की माझ्या इथे राहण्याचा आधारच जातो. त्या रात्री मी रडले नाही. हात थंड पडले होते, एवढं आठवतं.

सकाळी काकांना फोन केला. त्यांचा आवाज जराही बदलला नाही. म्हणाले, यूसी सोड, माझ्याकडे दुसरी सोय आहे. एक खासगी ‘युनिव्हर्सिटी’, जीपीए विचारत नाहीत, दोन दिवसांत आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) देतात, पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. इथे मात्र मावशीचे मिस्टर मधे पडले. फ्रीमाँटजवळच्याच प्लेझंटनमध्ये २०११ च्या जानेवारीत ट्राय व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला होता, तो त्यांना आठवत होता. तिथले बहुतेक विद्यार्थी भारतातले होते, काहींच्या पायांत इमिग्रेशनने जीपीएसचे पट्टे बांधले होते. मालकिणीला पुढे सोळा वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पण मुलांचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं. काकांची ‘सोय’ आम्ही अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत शोधली. तिला मान्यता नव्हती. हे लक्षात ठेवा: आय-२० देण्याची परवानगी ही एक गोष्ट आणि शिक्षणाची मान्यता ही दुसरी. परवानगीचा कागद दाखवून मान्यता असल्याचं भासवतात.

त्यानंतर मी माझ्याच कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये गेले, विद्यापीठात जाण्यासाठी सल्ला देतात तिथे. दीड वर्षात पहिल्यांदा. अपॉइंटमेंट फुकट होती, अर्ध्या तासाची. काउन्सेलरबाईंनी माझा ट्रान्सक्रिप्ट छापला आणि पेन्सिल घेतली. तिसऱ्या सेमिस्टरनंतर माझी ४१ युनिट आणि ९५ ग्रेड पॉइंट (दर युनिटला बीचे ३, सीचे २, डीचा १, एफचा शून्य) होते, म्हणजे जीपीए २.३२. त्यांनी कॅलक्युलसवर बोट ठेवलं. हा पुन्हा घेऊन बी मिळवलास तर ९५ चे १०५ होतात, जीपीए २.५६. केमिस्ट्रीत नुसता सी मिळाला तरी ११५, म्हणजे २.८०. बाकी काहीही न बदलता.

मग त्यांनी दुसऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: भाषण, लेखन, चिकित्सक विचार, गणित. कॅल स्टेटला, म्हणजे यूसीहून वेगळ्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, ट्रान्सफरसाठी हे चार विषय किमान सी मायनसने लागतात. माझ्याकडे चारही होते. स्टॅटिस्टिक्समुळे गणितही झालं होतं. कॅल स्टेटचा किमान जीपीए राज्यातल्या रहिवाशाला २.०, बाहेरच्याला, म्हणजे मला, २.४. यूसीचा अनुक्रमे २.४ आणि २.८. गर्दीच्या कॅम्पसला आणि कॉम्प्युटरसारख्या शाखांना प्रत्यक्षात याहून बरंच जास्त लागतं, हेही त्यांनी लपवलं नाही. पण मी कॅल स्टेटच्या किमान जीपीएपासून फक्त एका विषयाच्या अंतरावर होते. हा हिशेब मांडायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी त्याच्यासाठी जवळजवळ अडीच लाख रुपये मोजले होते, आणि तो मला मिळालाही नव्हता.

पुण्याच्या चार महिन्यांबद्दल भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, परीक्षाच दिली नाहीस तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे? लिहून टाक. लपवणं हाच गुन्हा ठरतो.

यूसीचा तो अर्ज मी मागे घेतला. वसंत सेमिस्टरला कॅलक्युलस घेतला, बी मिळाला. नंतर केमिस्ट्रीत सी. पुढच्या ऑक्टोबरमध्ये कॅल स्टेटचा अर्ज स्वतः भरला, एका कॅम्पसला ७० डॉलर, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे गेले. एक वर्ष मागे पडले. त्या वर्षाची कम्युनिटी कॉलेजची फी बाबांनी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने भरली.

पैसे परत आले नाहीत. झेलबद्दल बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली, पण ते एकेकाचे पैसे काढून देत नाहीत. बाबांनी नाशिकहून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर तीन महिने उलटले होते आणि खातं रिकामं होतं. त्याहून कठीण होतं त्यांना १.९६ हा आकडा सांगणं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय रागावलो असतो का गं?”

काकांचा मेसेज मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरायला लागला आहे, सप्टेंबर जवळ आला ना. कुणी त्यांना किंवा त्यांच्यासारख्या कुणाला पैसे दिले असतील तर आज रात्रीच आपला अर्ज स्वतःच्या फोनवर उघडा. पासवर्ड आणि रिकव्हरीचा ईमेल दोन्ही बदला. भरलेला प्रत्येक ग्रेड आपल्या ट्रान्सक्रिप्टशी ओळीने ताडून पाहा. चूक दिसली तर पाठवण्याआधी दुरुस्त करा, पाठवून झालं असेल तर उद्या सकाळी ट्रान्सफर सेंटरच्या दारात उभे राहा. एकटं जायला संकोच वाटत असेल तर मला कळवा, मी सोबत येईन.