घराचा नकाशा स्वतः काढायचा असेल तर: स्वीट होम थ्रीडीचे परीक्षण

घर नव्याने बांधायचे असो किंवा राहत्या घराची अंतर्गत रचना बदलायची असो, खोल्यांचा मापाबरहुकूम नकाशा हाताशी असला की वास्तुरचनाकाराशी, सुताराशी आणि घरातल्या माणसांशी होणारे बोलणे नेमके होते. असा नकाशा स्वतः काढू पाहणाऱ्याच्या कानावर बहुधा सर्वप्रथम ऑटोकॅडचे नाव पडलेले असते. संगणकावर तांत्रिक नकाशे काढण्याचे, १९८२ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर व्यावसायिकांसाठी उत्तम आहे यात शंका नाही. मात्र ज्याला एकाच घराचा नकाशा हवा आहे, त्याला त्यातील आज्ञा, लेयर (एकावर एक ठेवलेले रेखाटनाचे थर) आणि छपाईच्या प्रमाणाचे शास्त्र आत्मसात करण्यात जेवढा वेळ घालवावा लागतो, तेवढ्या वेळात दुसऱ्या सोप्या साधनाने त्याचे काम पूर्ण झालेले असते. अशा वापरकर्त्याला मी स्वीट होम थ्रीडी सुचवीन. हे मुक्त स्रोत आणि विनामूल्य सॉफ्टवेअर इमॅन्युएल प्युबारे यांनी तयार केले असून ते २००६ पासून उपलब्ध आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते.

नकाशाचे सॉफ्टवेअर सोपे आहे की नाही, हे पडद्यावरची बटणे मोजून कळत नाही. भिंत या गोष्टीकडे ते कसे पाहते, यावर सारे अवलंबून असते. सर्वसाधारण रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा असतात. दरवाजा बसवायचा झाल्यास त्या दोन्ही रेघा तोडाव्या लागतात, आणि दरवाजा हातभर सरकवायचा झाला की पूर्वीची फट बुजवून नवी पाडावी लागते. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंत ही जाडी आणि उंची असलेली एक सलग वस्तू आहे. यादीतून खिडकी उचलून भिंतीवर आणली की ती आपोआप भिंतीच्या दिशेला वळते, भिंतीत बसते आणि तिच्यापुरती जागा कापली जाते. दरवाजाचे दार कोणत्या बाजूला उघडते हे नकाशात कमानीसारख्या रेषेने दिसते, आणि दार उलट्या बाजूला उघडायचे असेल तर त्याच्या गुणधर्मांच्या चौकटीत एक खूण केली की पुरते. वर नकाशा आणि खाली त्याचेच त्रिमितीय दृश्य एकाच वेळी समोर असल्यामुळे कपाटाचे दार पलंगाला अडणार का, हे तिथल्या तिथे लक्षात येते.

भिंत काढताना माऊसने अंदाजे लांबी ओढत बसण्याची गरज नाही. पहिल्या टोकावर क्लिक करून एंटर दाबले की लांबी, कोन आणि जाडी आकड्यांत भरता येते, आणि मोजपट्टीने घेतलेली मापे वहीतून सरळ उतरवायची असतात तेव्हा हीच पद्धत वापरावी. येथे एक बाब मात्र आधीच समजून घेतली पाहिजे, कारण सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळेच होतो. हे सॉफ्टवेअर भिंतीची लांबी तिच्या मध्यरेषेवर धरते. आपण खोली मोजतो ती मात्र आतून, एका भिंतीच्या पृष्ठभागापासून समोरच्या भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत. समजा खोली आतून ३६० सेंटीमीटर लांब आणि ३०० सेंटीमीटर रुंद आहे व भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या आहेत, तर भरायचे आकडे ३८० आणि ३२० असे येतात. तेथे ३६० भरल्यास आतली लांबी ३४० सेंटीमीटरच उरते, आणि अशा चार-पाच खोल्या एकमेकींना जोडल्या की ही तूट साठत जाते. नव्या भिंतीची मुळात ठरवलेली जाडीही ७.५ सेंटीमीटर असते, जी विटांच्या भिंतीसाठी अगदीच कमी आहे. ती सॉफ्टवेअरच्या पसंतीच्या (प्रेफरन्सेस) चौकटीत आधीच बदलून घ्यावी. आकडे बरोबर भरले आहेत का, हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. खोली काढण्याचे साधन निवडून चारी भिंतींच्या आत दोनदा क्लिक केले की आतले क्षेत्रफळ दिसते. वरच्या उदाहरणात ते १०.८ चौरस मीटर यायला हवे.

जुना कागदी नकाशा उपलब्ध असेल तर त्याचे चित्र पार्श्वभूमीला ठेवून, त्यातील एका ज्ञात लांबीवर रेघ ओढून प्रमाण ठरवता येते आणि त्यावरून भिंती गिरवता येतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. तिरक्या कोनातून काढलेल्या छायाचित्रात मापे वेडीवाकडी होतात, त्यामुळे यासाठी स्कॅन केलेली प्रतच घ्यावी, आणि प्रमाण ठरवायला नकाशावरची शक्य तितकी लांब भिंत निवडावी.

उणिवाही आहेत. मापरेषा, म्हणजे नकाशावर लांबीचा आकडा दाखवणाऱ्या रेषा, भिंतीशी बांधलेल्या नसतात. भिंत सरकवली तरी मापरेषा जागच्या जागी राहते आणि जुनाच आकडा दाखवते, म्हणून भिंतींचा विचार पक्का झाल्यावरच मापे टाकणे शहाणपणाचे ठरते. तयार नकाशा पीडीएफ किंवा एसव्हीजी (रेघांवर आधारित चित्राच्या) स्वरूपात बाहेर काढता येतो आणि घरच्या किंवा सुताराच्या कामाला तेवढे पुरते. अभियंत्याला मात्र पुढे फेरफार करण्यासाठी बहुधा डीएक्सएफ फाइल, म्हणजे ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येणारे रेखाटन, लागते. ती देणे हाच मुख्य हेतू असेल तर लिब्रेकॅड हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर घ्यावे. तेही विनामूल्य आहे, पण केवळ द्विमितीय आहे आणि त्यात भिंत पुन्हा दोन रेघांचीच होते, याची तयारी ठेवावी. स्केचअप हे त्रिमितीय रेखाटनाचे सॉफ्टवेअर आकाराची कल्पना करण्यासाठी सुरेख आहे, परंतु त्यातून मापांसह कागदी नकाशा तयार करणारे लेआउट हे साधन सशुल्क आवृत्तीत मिळते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लोअरप्लॅनर किंवा प्लॅनर फाइव्ह डी यांसारख्या सेवांना संगणकावर काही स्थापित करावे लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू. मात्र नकाशा कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, आणि चांगल्या प्रतीचे चित्र किंवा इतर सोयी हव्या असल्यास बऱ्याचदा पैसे भरावे लागतात. अशी सेवा निवडणाऱ्याने एक लहानशी खोली काढून ती बाहेर कोणत्या स्वरूपात आणि किती स्पष्ट मिळते हे आधी पाहावे, आणि मगच संपूर्ण घराची मापे त्यात भरायला घ्यावीत.