कळंबोलीतलं बिनपाटीचं गॅरेज

स्टील मार्केटच्या बाजूला आहे, पाटी नाही, विचारत जावं लागतं. माझ्या दहाचाकी ट्रकच्या ब्रेकचं काम इथे केलं. मिस्त्रींनी लायनरला (ब्रेकच्या झिजणाऱ्या पट्ट्यांना) हात लावण्याआधी ब्रेकला हवा पुरवणाऱ्या एअर टाकीचा ड्रेन, म्हणजे पाणी काढायचा नळ, उघडला. वाटीभर गढूळ पाणी! "शेठ, हे रोज काढायचं, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात." चार वर्षं गाडी बाळगतोय, आधीच्या गॅरेजवाल्याने कधी सांगितलं नव्हतं.

चाकं बसवल्यावर, नट सैल झाला तर दिसावं म्हणून नटांवर पांढरी रेघ मारून दिली. शंभरेक किलोमीटरवर पुन्हा आवळा म्हणाले. देहूरोडला थांबून पाना लावला, तर दोन नट चक्क पाव फेरा फिरले.

दुपारी देतो म्हणालेली गाडी रात्री दहाला मिळाली, बिल सिगारेटच्या पाकिटावर. चहा मात्र दोनदा पाजला.