प्लेयर्स हँडबुक २०२४: लपायचं कसं ते कळलं, बाहेर यायचं कसं ते राहिलं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकात पात्राला कुठे लपता येईल हे डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मर्जीवर होतं आणि नियमाचे तुकडे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले होते. २०२४ च्या नव्या आवृत्तीत सगळं हाइड ॲक्शनच्या (लपण्याच्या कृतीच्या) एका नोंदीत आलं आहे. पूर्ण अंधार किंवा दाट धुकं हवं, नाहीतर किमान पाऊण आडोसा. शिवाय एकाही शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात असून चालत नाही. मग स्टेल्थचा (चोरपावलांच्या कौशल्याचा) रोल: वीस बाजूंचा फासा अधिक पात्राचे गुण, बेरीज १५ किंवा जास्त. जमलं की 'इनव्हिजिबल' (अदृश्य) ही कंडिशन, म्हणजे खेळातली अवस्था, मिळते. आलेली बेरीज लिहून ठेवायची, कारण शोधणाऱ्याला परसेप्शनच्या (चाहूल घेण्याच्या कौशल्याच्या) रोलमध्ये तीच गाठावी लागते.

१५ चा आकडा ठरवून दिला हे फार चांगलं झालं. डेक्स्टेरिटी (चपळाई) १७ आणि स्टेल्थमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) असलेल्या पहिल्या लेव्हलच्या रोगला (चोरट्या पात्राला) +७ मिळतात, म्हणजे फाशावर ८ पुरे: ६५ टक्के. चेन मेल (कड्यांचं चिलखत) घातलेल्या, स्टेल्थ न शिकलेल्या, डेक्स्टेरिटी १० च्या फायटरला (लढवय्याला) डिसॲडव्हांटेजमुळे (दोन फाशांतला कमी आकडा धरायचा) दोन्ही फाशांवर १५ किंवा जास्त पडावं लागतं: ९ टक्के. हे आकडे वाजवी वाटतात. खटकतं ते एवढंच, की समोर पॅसिव्ह परसेप्शन (रोल न करता चाहूल लागण्याचा ठरलेला आकडा) ८ चा झोंबी असला तरी १२ चा रोल वाया जातो. जुन्या नियमात तो चालला असता.

खरी अडचण 'इनव्हिजिबल' या शब्दात आहे. आवाज कुजबुजीपेक्षा मोठा झाला, शत्रूने शोधून काढलं, अटॅक रोल केला किंवा मंत्र तोंडाने म्हटला, की लपणं संपतं. खांबामागून उघड्यावर आल्यावर काय, हे मात्र लिहिलेलंच नाही. अक्षरशः वाचलं तर रोग पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत जाईल. उलट, सी इनव्हिजिबिलिटी (अदृश्य गोष्टी दिसण्याचा) मंत्र टाकलेल्या विझार्डसमोर तीच कंडिशन कुचकामी ठरते, मग रोगने रोल कितीही उत्तम केलेला असो. पॅसिव्ह परसेप्शनने शोध लागतो की सर्च ॲक्शन खर्च करावी लागते, यावरही टेबलावर हमखास वाद होतो.

म्हणून पहिल्या सेशनआधीच दोन गोष्टी ठरवाव्यात. एक, आडोसा सोडून शत्रूच्या स्पष्ट नजरेत टर्न (आपली पाळी) संपवला तर 'शोधून काढलं' असं धरायचं. त्याच टर्नमध्ये बाहेर झेपावून केलेल्या पहिल्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला जास्त आकडा धरायचा) राहू द्यायचा, नाहीतर रोगच्या कनिंग ॲक्शनला (एकाच टर्नमध्ये हल्ल्याशिवाय लपूही देणाऱ्या क्षमतेला) अर्थच उरत नाही. दोन, पॅसिव्ह परसेप्शन लिहिलेल्या बेरजेइतकं किंवा जास्त असेल तर ॲक्शन न घालवता शोध लागतो.

अंधाराचं गणित डीएम सर्वांत जास्त चुकवतात. गॉब्लिनला ६० फुटांपर्यंत डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) असतं. तेवढ्या अंतरात त्याच्यासाठी अंधार म्हणजे मंद उजेड, आणि मंद उजेड लपायला पुरत नाही. गुहेत गॉब्लिनांपासून लपायचं तर मशाल विझवून भागत नाही, दगडाची आड शोधावीच लागते. फॉग क्लाउड मंत्राचं धुकं मात्र डार्कव्हिजनलाही भेदता येत नाही.