जुनी फेंडर घेताय? आधी पिकगार्ड उघडायला लावा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका फ्लॅटवरून 'मेक्सिकन फेंडर' म्हणून मी घेतलेली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार त्याच कंपनीच्या स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची, बुलेट निघाली. 42 हजार गेले. विकणारा माणूस अजूनही तेच करतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. नागपुरात लग्नाच्या संगीतात आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी कितीतरी मुलं जुनी इलेक्ट्रिक शोधत असतात. त्यांच्यासाठी एवढी रक्कम म्हणजे अख्ख्या सीझनची कमाई असते.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्क्वायर वाईट गिटार नाही. ती फेंडरचीच आहे. 1982 मध्ये जपानमध्ये या नावाने गिटारी बनू लागल्या आणि आता बऱ्याचशा इंडोनेशिया-चीनमधून येतात. नवशिक्याला मी स्वतः स्क्वायरच घ्यायला सांगतो. पण बुलेट ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त मालिकांपैकी एक, नवी असताना पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळायची. मेक्सिकोत, एन्सेनाडाच्या कारखान्यात बनणाऱ्या फेंडरची किंमत तिच्या कितीतरी पट. दोघींचा आकार मात्र एकच, तारेची वाजणारी लांबीही एकच, 25.5 इंच. हा धंदा नेमका याच सारखेपणावर चालतो. हेडस्टॉकवरचं, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या असलेल्या टोकावरचं 'स्क्वायर' घासून काढायचं, तिथे 'फेंडर'चं स्टिकर बसवायचं, वरून लॅकरचा हात मारायचा. मागे 'मेड इन मेक्सिको' आणि एक नंबर टाकला की काम झालं.

मी पाहिलेल्या जाहिरातीत 'फेंडर मेक्सिकन स्टँडर्ड, 2016' असं लिहिलं होतं. तीन रंगांचं सनबर्स्ट, पांढरा पिकगार्ड (तारांखाली बॉडीवर स्क्रूने बसवलेलं प्लास्टिकचं कव्हर), खाली लाल ब्लँकेट. भेटायची वेळ त्यानेच भर मे महिन्यातल्या दुपारची दिली. हॉलमध्ये मोठा कूलर फुल स्पीडवर चालू, गिटार आधीच अ‍ॅम्पला जोडलेली, अ‍ॅम्पवर आवाज फाटवणारा ड्राइव्ह आणि घुमवणारा रिव्हर्ब दोन्ही चढवलेले. इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा प्लग न लावता ऐकायची असते. लाकूड किती वेळ गुंजतं, कुठल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, तार खडखडते, हे तेव्हाच कळतं. कूलर थोडा बंद करा म्हटलं तर तो म्हणाला, "दादा, बाहेर 45 आहे, बसवणार नाही आपल्याला. अ‍ॅम्पवर ऐका ना." तारा नव्याकोऱ्या होत्या, त्यामुळे आवाज चमकदार येत होता. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, त्या खोलीतली एकही गोष्ट सहज ठेवलेली नव्हती.

बोलणंही तसंच. "पुण्याला ट्रान्सफर झाली, सामान हलवून राहिलो, नाहीतर विकली नसती. अमरावतीचा एक जण संध्याकाळच्या गाडीने येऊन राहिला, तो टोकन टाकतो म्हणतोय." मोबाइलवर 2016 च्या बिलाचा फोटो दाखवला. बिलावर मॉडेल होतं, नंबर नव्हता. गिटारच्या मागचा नंबर 'एमएक्स 19' ने सुरू होत होता. "बिलात तेव्हा नंबर लिहीत नसत दादा," हे त्याचं उत्तर तयारच होतं. पैसे त्याने यूपीआयवर घेतले आणि खाते 'बायकोचं' म्हणून सांगितलं.

खरं काय ते नागपुरातल्याच बर्डीवरच्या एका रिपेअरवाल्या काकांकडे उघड झालं. फ्रेट समान करून घ्यायला मी गिटार त्यांच्याकडे नेली होती. काकांनी हेडस्टॉक ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि मला जवळ बोलावलं. लोगोच्या भोवती बोटभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या लाकडापेक्षा जास्त चमकत होता, आणि त्याच्या खाली घासल्याच्या बारीक आडव्या रेघा. मग त्यांनी तारा सैल केल्या, पिकगार्डचे स्क्रू काढले आणि तो उलटा करून टेबलावर ठेवला. व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे नॉबखाली बसणारे गोल भाग, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान होते. 2016 च्या मेक्सिकन स्टँडर्डमध्ये पूर्ण आकाराचे, साधारण 24 मिमी व्यासाचे पॉट असतात. हे 16 मिमीचे, स्वस्त गिटारीत घालतात ते. शेवटी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) बॉडीची जाडी मोजली. 45 मिमीच्या आसपास भरायला हवी होती, भरली 40.

नंबरचं गणितही काकांनीच सोडवून दाखवलं. मेक्सिकोच्या या नंबरांत 'एमएक्स'नंतरचे दोन आकडे साधारणपणे साल सांगतात. म्हणजे गिटार 2019 ची. पण मेक्सिकन स्टँडर्ड 2018 मध्येच बंद झाली आणि तिच्या जागी प्लेअर मालिका आली. प्लेअर स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टरला) 22 फ्रेट आणि दोन खिळ्यांवर टेकलेला ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलवता येणारा तारांचा ब्रिज असतो. माझ्या हातातल्या गिटारला 21 फ्रेट आणि सहा स्क्रूंचा ट्रेमोलो. बिल 2016 चं, नंबर 2019 चा, आणि त्या नंबराच्या सालात तशी गिटार बनतच नव्हती. त्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या तरी जाहिरातीतल्या फोटोवरून नंबर उचलला असणार. म्हणून 'ऑनलाइन नंबर तपासला, बरोबर आला' याला फार किंमत देऊ नका. असा नंबर अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या हातातली गिटार तीच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. नंबर, फ्रेट, ट्रेमोलो आणि बिलाचं साल ही चारही एकमेकांशी जुळायला हवीत.

जुनी स्ट्रॅट पाहायला जाताना छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मोजायला पट्टी किंवा व्हर्नियर आणि मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवा. विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की पिकगार्ड उघडून पाहणार. तारा बदलायची तयारी असलेल्या माणसाला पिकगार्ड उघडणं हे दहा मिनिटांचं काम. प्रामाणिक माणूस कुरकुरेल, पण उघडू देईल. 'वॉरंटी जाईल' किंवा 'फिनिश खराब होईल' अशी सबब आली तर तिथून उठा. जुन्या, हातोहात विकल्या जाणाऱ्या गिटारीची वॉरंटी कसली? नेकसुद्धा (गिटारीची मान) चार स्क्रूंवरच असतो. लिओ फेंडरने 1954 मध्ये स्ट्रॅट आणली तेव्हा दुरुस्ती सोपी जावी म्हणून नेक असा सुटा ठेवला, आणि आज त्याच सोयीमुळे एका गिटारीचा खरा नेक दुसऱ्या स्वस्त बॉडीवर बसवता येतो. त्यामुळे हेडस्टॉक खरा वाटला तरी बॉडी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि भेट शक्यतो ज्या दुकानात किंवा रिपेअरवाल्याकडे तुमची ओळख आहे तिथेच ठरवा, विकणाऱ्याच्या खोलीवर नको.

फसवणूक झालीच असेल तर वेळ घालवू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका; समोरच्या खात्यातून पैसे निघून जाण्याआधी ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. माझ्या बाबतीत गिटार उघडेपर्यंत आठवडे उलटले होते, खातं रिकामं होतं. प्रत्यक्ष भेटून झालेल्या फसवणुकीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. फसवणुकीचं पूर्वीचं 420 कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 मध्ये आहे. गिटार दुकानातून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे; एकदाच जुनी वस्तू विकणारा खासगी माणूस त्यात सहसा बसत नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं चॅट, व्यवहाराचा क्रमांक आणि रिपेअरवाल्याने काढलेले आतले फोटो जपून ठेवा. जाहिरात तो लगेच काढून टाकतो. माझ्या अर्जाला बळ आलं ते या कागदांमुळेच.

मागच्या महिन्यात तशीच जाहिरात पुन्हा दिसली. या वेळी गाव रायपूर, गिटार काळी, मालिका तीच 'मेक्सिकन स्टँडर्ड, 2016', नंबरची सुरुवातही तीच आणि खाली तेच लाल ब्लँकेट. मी तिचे स्क्रीनशॉट ठाण्यात नेऊन दिले आणि जाहिरात रिपोर्ट केली. तुम्हालाही दिसली तर टोकन पाठवू नका, आधी स्क्रीनशॉट काढा आणि मग रिपोर्ट करा.