फाउंटन ह्यूज यांचा आवाज मुलांना ऐकवावा का?

जरूर ऐकवावा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, तिथल्या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची रेकॉर्डिंग्ज आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. आमच्या वाचनगटातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मी त्यातलं ह्यूज यांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, आणि यापुढे या विषयाची सुरुवात मी यानेच करणार.

ह्यूज व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलचे. १९४९ साली बाल्टिमोरमध्ये बोलताना ते आपलं वय १०१ सांगतात, आणि आपले आजोबा अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे गुलाम होते, असंही सांगतात. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारे जेफरसन मुलांना ठाऊक होते. ‘तेच का?’ म्हणून त्यांनी तेवढा भाग परत लावायला लावला.

उधारीवर वस्तू घेऊ नका, हे म्हातारबुवा बराच वेळ सांगत राहतात. हा भाग गाळावासा वाटेल, पण गाळू नका. त्या उपदेशातूनच मुलांची त्यांच्याशी ओळख होते. मग तशाच साध्या आवाजात बाकीचं येतं. बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत पायात काही नाही. झोपायला जमीन. मालकाच्या चिठ्ठीशिवाय कुठे जायची सोय नाही. माणसांची विक्री गुरांसारखी. सुटका झाली तेव्हा जायला घर नाही. पुन्हा गुलाम व्हायचं असेल तर बंदूक घेऊन स्वतःला संपवीन, असंही ते म्हणतात. हे वाक्य मी वगळलं नाही, मुलांना आधी कल्पना दिली. ह्यूज यांच्या आयुष्यातलं काय सांगायचं, हे ठरवायचा हक्क त्यांचाच आहे.

संकेतस्थळाबद्दल तक्रारीही आहेत. आवाजात खरखर आहे. सोबतचा लिखित मजकूर फार उपयोगी, पण न कळलेल्या शब्दांच्या जागा त्यात रिकाम्या आहेत. कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या वयाला चालेल, याची सूचना मला कुठे दिसली नाही. काही ठिकाणी अपमानकारक शब्दही येतात, त्यामुळे मोठ्यांनी आधी पूर्ण ऐकायलाच हवं.

तिथेच १९३६ ते १९३८ दरम्यान लिहून घेतलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या २,३००हून अधिक मुलाखतीही आहेत. त्या मी नंतर देईन. बहुतेक मुलाखतकार गोरे होते, आणि वंशभेदाच्या त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतला कृष्णवर्णीय म्हातारा त्यांच्यापुढे किती मोकळं बोलेल? प्रत्येक पानावर ‘विचारतंय कोण?’ हे मुलांना शोधायला लावा.