मुलकीला सर्फिंग, वयाच्या 49व्या वर्षी

ठाण्याहून कोकण रेल्वेने थेट कर्नाटकातली मुलकी गाठली आणि शांभवी नदीच्या मुखाजवळच्या एका सर्फ शाळेत चार दिवस शिकले. पहिला तास वाळूवरच गेला. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांपाशी टेकायचे, एका झटक्यात उभं राहायचं. पंचवीस वेळा! माझा डावा गुडघा आधी टेकायचा. सरांनी ते लगेच हेरलं आणि पाऊल कुठे पडायला हवं तिथे वाळूत बोटाने रेघ ओढून दिली. त्या रेघेनेच मला शिकवलं.

फळी नऊ फुटी, फोमची. नवशिक्याला हीच हवी. तिसऱ्या दिवशी फेसाळत्या लाटेवर पाच-सहा सेकंद उभी राहिले. किनाऱ्यावरचा माड माझ्याकडे सरकत आला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

पाय टिकले, पण हातांनी वल्हवून वल्हवून खांदे भरून आले. तयारी म्हणून मी आधी दोन महिने नुसते जिने चढले होते. सोबत भुजंगासन आणि दंड करायला हवे होते. आता रोज करते.

एक तक्रार: तिथला रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घट्ट होता, काखेत सोलवटलं. स्वतःचा न्या. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो. डिसेंबरचं तिकीट काढलंय.